स्टेंट उत्तम बसला, तरी दम लागतोच! जाड झालेल्या हृदयाबद्दल कुणी सांगेल का?

अबोली | १० मार्च, २१:४०

नमस्कार. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज लिहितेच.

बाबा ६३ वर्षांचे. बीपी गेली वीस वर्षं. गोळी चालू असायची, "आता बरं वाटतंय" म्हणून मधूनच बंदही व्हायची. चार महिन्यांपूर्वी छातीत दुखलं. अँजिओग्राफीत समोरच्या मोठ्या धमनीत, एलएडीत, ९० टक्के ब्लॉक निघाला. त्याच दिवशी स्टेंट बसला, तिसऱ्या दिवशी घरी आलो. सगळ्यांनी सांगितलं, काम झालं, आता काळजी नाही.

छातीतलं दुखणं खरंच थांबलं. पण दम थांबला नाही. दुसऱ्या मजल्यावर जाताना बाबा मधल्या वळणावर कठड्याला हात लावून उभे राहतात. मी मागे असले तर "चप्पल सैल झाली" म्हणतात. चप्पल सैल नसते.

स्टेंट बंद पडला असेल या धास्तीने पुन्हा अँजिओग्राफी झाली. स्टेंट स्वच्छ, बाकीच्या धमन्याही ठीक. त्या रात्री मी फाईल घेऊन बसले आणि इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टात ही ओळ सापडली: मॉडरेट कॉन्सेंट्रिक एलव्हीएच, ग्रेड १ डायस्टोलिक डिसफंक्शन, ईएफ ६० टक्के. म्हणजे हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याची भिंत जाड झाली आहे आणि तो नीट सैल पडत नाही. हीच ओळ अगदी पहिल्या इकोतही होती! तेव्हा कुणी तिच्यावर बोट ठेवलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. ईएफ ६०, म्हणजे हृदयाचं पंपिंग चांगलं, असं वाचून आम्ही निर्धास्त होतो.

ही जाडी आधीपासून असेल तर स्टेंटनंतरच्या आयुष्यावर तिचा किती परिणाम होतो? ती कमी होते का? अनुभव असलेल्यांनी आणि डॉक्टर मंडळींनी कृपया लिहा. आकडे देते: आयव्हीएसडी १४ मिमी, पीडब्ल्यूडी १३ मिमी, एलव्हीआयडीडी ४६ मिमी.

पारिजातक | १० मार्च, २२:०५

अबोली, बाबांना लवकर आराम पडो. आमच्याकडेही असंच झालं होतं, पण इतकं खोलात कुणी गेलं नाही. वाचते आहे.

स्पंदन | १० मार्च, २३:३०

अबोलीताई, मी हृदयरोगाच्या क्षेत्रात काम करतो. बाबांना तपासलेलं नाही, त्यामुळे निदान करणार नाही. पण तुम्ही बोट बरोबर जागी ठेवलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भिंत जाड का होते, तिथून सुरुवात करू. बीपी जास्त असलं की डाव्या कप्प्याला प्रत्येक ठोक्याला जास्त दाबाविरुद्ध रक्त ढकलावं लागतं. दाब वाढला की भिंतीच्या प्रत्येक धाग्यावरचा ताण वाढतो. तो वाटून घेण्यासाठी हृदय भिंत जाड करतं. कप्प्याची त्रिज्या आणि आतला दाब यांचा गुणाकार करून जाडीने भागलं की ताणाचा अंदाज येतो. जाडी वाढली की ताण उतरतो. म्हणजे सुरुवातीला ही हृदयाने स्वतःच केलेली सोय असते.

पण तिची किंमत मोजावी लागते. स्नायूच्या पेशी फुगतात, त्यांच्यामधल्या केशवाहिन्या मात्र त्या प्रमाणात वाढत नाहीत. पेशींच्या मधे आणि बारीक धमन्यांभोवती तंतुमय ऊती साचते. प्राणवायू जास्त लागतो आणि तो पोचवणारं जाळं विरळ पडतं. निरोगी हृदय श्रमाच्या वेळी स्वतःचा रक्तपुरवठा तीन ते पाचपट वाढवू शकतं. जाड हृदय तितकं वाढवू शकत नाही, त्याची शिल्लकच कमी असते.

शिवाय डाव्या कप्प्याच्या स्नायूला बरंचसं रक्त तो सैल पडलेला असताना मिळतं, आकुंचन पावताना नाही. जाड भिंत नीट सैलच पडत नाही. तिचा आतला थर, जो धमन्यांपासून सर्वांत लांब आणि कप्प्यातल्या दाबाला सर्वांत जवळ, तो आधी उपाशी राहतो. ठोके वाढले की सैल पडण्याचा वेळही आक्रसतो. जिना चढताना नेमकं हेच सगळं एकदम होतं.

आता स्टेंट. अँजिओग्राफीत दिसतात त्या हृदयाच्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या मोठ्या धमन्या. स्टेंट तिथे बसतो. स्नायूच्या आत शिरणाऱ्या, अर्ध्या मिलिमीटरहून बारीक वाहिन्या त्या चित्रात दिसत नाहीत आणि तिथे स्टेंट बसतही नाही. मुख्य रस्ता मोकळा झाला, आतल्या गल्ल्या होत्या तशाच आहेत. अँजिओप्लास्टी तांत्रिकदृष्ट्या चोख होऊनही पाचातल्या एका रुग्णाला तरी पुढे छातीत भरून येणं किंवा दम लागणं राहतं. त्यामागे असलेल्या कारणांत हे एक मोठं कारण.

आणि ईएफ ६० बद्दल. ईएफ म्हणजे भरलेल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर गेलं. कप्पा भरतानाच कष्ट होत असतील, आतला दाब चढत असेल, तर ते ईएफ सांगत नाही. तो दाब मागे फुप्फुसांपर्यंत पोचतो आणि माणूस कठड्याला हात लावून उभा राहतो. तुम्ही लिहिलेलं ते वाक्य वाचून मी थांबलो. हे चित्र मी खूप वेळा पाहिलं आहे.

जिज्ञासू | ११ मार्च, ०८:१५

स्पंदन, फार छान समजावलंत. एक शंका आहे. ज्यांची भिंत जाड, त्यांचं बीपी जुनं, वय जास्त, मूत्रपिंड थकलेलं, वजन जास्त. मग स्टेंटनंतर त्यांची तब्येत बिघडत असेल तर दोष भिंतीचा की बाकीच्या गोष्टींचा? भिंत ही फक्त खूण असेल, तर तिच्या मागे लागून काय मिळणार?

स्पंदन | ११ मार्च, १३:१०

शंका अगदी रास्त आहे. खरं उत्तर असं, की दोन्ही गोष्टी आहेत.

खूण तर ती आहेच. वीस वर्षांचं बीपी त्या भिंतीवर लिहिलेलं असतं. दवाखान्यात मोजलेला एक आकडा त्या दिवसाचा असतो, भिंतीची जाडी अनेक वर्षांचा हिशेब सांगते.

पण ती नुसती खूण नाही. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम अभ्यासात चाळिशीपुढच्या ३,२२० लोकांचे इको करून त्यांचा पाठपुरावा केला, तो १९९० साली प्रसिद्ध झाला. वय, बीपी, धूम्रपान वगैरे हिशेबातून वजा केल्यावरही डाव्या कप्प्याचं वस्तुमान जितकं जास्त, तितका हृदयविकाराचा आणि मृत्यूचा धोका जास्त, असं दिसलं. १९९२ मध्ये शिकागोहून आलेल्या अभ्यासात अँजिओग्राफी झालेले रुग्ण होते. तिथे धमन्यांत ब्लॉक असोत वा नसोत, दोन्ही गटांत जाड भिंतीच्या रुग्णांची जगण्याची शक्यता कमी होती. मला हा अभ्यास महत्त्वाचा वाटतो, कारण ब्लॉक आणि भिंत हे दोन वेगवेगळे धोके आहेत हे त्यातून दिसतं. एक मिटवला म्हणून दुसरा आपोआप मिटत नाही.

अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालेल्यांचा पाठपुरावाही याच दिशेने जातो. आधीपासून भिंत जाड असलेल्यांत पुढे हार्ट फेल्युअरने भरती होणं, ठोके अनियमित होणं आणि मृत्यू यांचं प्रमाण जास्त. जाड आणि तंतुमय झालेल्या स्नायूतून विजेची लाट सरळ जात नाही, त्यामुळे घातक अनियमित ठोक्यांची आणि अचानक मृत्यूची भीतीही वाढते. स्टेंट बुजणं हा यातला मुख्य मार्ग नाही, म्हणूनच "स्टेंट स्वच्छ आहे" हे ऐकून प्रश्न संपत नाही.

भिंतीच्या मागे लागून काय मिळतं, याचं उत्तर लाइफ नावाच्या अभ्यासात आहे, २००२ सालचा. ईसीजीवर जाड भिंतीच्या खुणा असलेले ९,१९३ रुग्ण. निम्म्यांना लोसार्टन, निम्म्यांना अटेनोलॉल, दोन्ही बीपीच्याच गोळ्या. बीपी दोन्ही गटांत जवळपास सारखंच उतरलं, तरी लोसार्टनच्या गटात हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यू, हार्ट अटॅक, पक्षाघात मिळून १३ टक्के कमी आणि नुसता पक्षाघात २५ टक्के कमी. याच अभ्यासाच्या पुढच्या विश्लेषणात ज्यांची जाडी उपचारात उतरली त्यांना पुढचा त्रास कमी झाला, बीपीचा परिणाम वेगळा काढूनही. काटेकोरपणे बघायचं तर "जाडी उतरवा" आणि "उतरवू नका" अशा चिठ्ठ्या टाकून अभ्यास करता येत नाही, तेवढी मर्यादा राहतेच. पण माझ्यापुरता कौल स्पष्ट आहे: स्टेंटनंतर भिंतीकडे लक्ष द्यायचं.

तरंग | ११ मार्च, १५:४५

मी रोज इको करते. अबोलीने आकडे दिलेत म्हणून हिशेब मांडून दाखवते, कारण रिपोर्ट हातात असूनही लोकांना तो वाचता येत नाही आणि त्याचं मला नेहमी वाईट वाटतं.

आयव्हीएसडी म्हणजे दोन कप्प्यांमधल्या पडद्याची जाडी, पीडब्ल्यूडी म्हणजे मागच्या भिंतीची. पुरुषांत साधारण ६ ते १० मिमी ठीक, स्त्रियांत ६ ते ९. एलव्हीआयडीडी म्हणजे कप्पा पूर्ण भरलेला असतानाची आतली रुंदी.

तिन्हींची बेरीज ७३ मिमी, म्हणजे ७.३ सेंमी. तिचा घन काढायचा, त्यातून आतल्या पोकळीचा म्हणजे ४.६ चा घन वजा करायचा. उरतं ते स्नायूचं आकारमान. सूत्रातले ठरलेले गुणक लावले की बाबांचं वस्तुमान सुमारे २४३ ग्रॅम येतं. शरीराचं क्षेत्रफळ १.७५ चौरस मीटर धरलं तर दर चौरस मीटरला १३९ ग्रॅम. पुरुषांत ११५ च्या वर गेलं की जाडी धरतात, स्त्रियांत ९५ च्या वर. १३२ ते १४८ ही पुरुषांतली मॉडरेट पायरी. म्हणजे रिपोर्टातला शब्द बरोबर आहे.

कॉन्सेंट्रिक कशावरून? मागच्या भिंतीची दुप्पट भागिले आतली रुंदी: २६ भागिले ४६, म्हणजे ०.५७. हा आकडा ०.४२ च्या वर असेल तर भिंत आतल्या बाजूने जाड होत पोकळी तुलनेने लहान राहिली आहे. दीर्घ बीपीचं हेच चित्र.

आता खरी कळीची गोष्ट. दोन्ही भिंती मी १ मिमी कमी मोजल्या, १३ आणि १२, तर वस्तुमान २४३ वरून २१७ वर येतं! घन काढत असल्यामुळे छोटी चूक मोठी होते. पडद्यावर १ मिमी म्हणजे कर्सर किंचित इकडे की तिकडे, एवढंच. म्हणून सहा महिन्यांनी रिपोर्टात १३ दिसलं तर लगेच आनंद करू नका आणि १५ दिसलं तर हातपाय गाळू नका. शक्यतो तेच मशीन, तोच मोजणारा हात, आणि वस्तुमानाचा आकडा लिहून मागा. एमआरआयमध्ये मोजमाप जास्त पक्कं येतं, पण ते सगळ्यांना लागत नाही.

आणखी एक. रिपोर्टात ई बाय ई-प्राइम असा आकडा असेल तर बघा. सरासरी १४ च्या वर असेल तर कप्प्यातला भरण्याचा दाब चढलेला असण्याची शक्यता दाट. डाव्या वरच्या कप्प्याचं आकारमानही बघा, दर चौरस मीटरला ३४ मिलीच्या वर म्हणजे तो ताणला गेला आहे.

अबोली | ११ मार्च, २०:२०

तरंग, तुमचा प्रतिसाद मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी कागद-पेन्सिल घेऊन ७.३ चा घन स्वतः केला. निवृत्त गणित शिक्षक आहेत. इतक्या दिवसांनी त्यांना आपल्या आजाराबद्दल काहीतरी हातात आल्यासारखं वाटलं.

रिपोर्टात ई बाय ई-प्राइम १६ आहे. वरचा कप्पा ३८.

पायवाट | ११ मार्च, २२:५०

माझी बायपास होऊन तीन वर्षं झाली. तीन धमन्या. माझीही भिंत जाड होती, १५ मिमी. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टर पलंगाशेजारी बसून म्हणाल्या, "तुमचं हृदय ताठ आहे, त्यामुळे तिसऱ्या दिवसापर्यंत आम्ही तुमच्यावर जरा जास्त लक्ष ठेवू." तेव्हा कळलं नाही.

तिसऱ्या रात्री अडीचच्या सुमाराला जाग आली. छातीत पाखरू अडकल्यासारखं झालं होतं. ठोके कधी धावताहेत, कधी चुकताहेत. मॉनिटरवर १५० च्या पुढे. मला घाम फुटला, बीपी ९० वर उतरलं. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन न पावता नुसते थरथरतात. औषध शिरेतून सुरू केलं, सकाळी दहाच्या आत ठोके जागेवर आले. शेजारच्या पलंगावरच्या गृहस्थांनाही तसंच झालं होतं, पण त्यांना नुसती धडधड. मी मात्र पार गळून गेलो होतो. हा फरक का पडला असेल, हे कुणी सांगेल का?

मध्यरात्र | १२ मार्च, ००:४०

पायवाट, मी भूलतज्ज्ञ आहे, याच ऑपरेशनांत असते. सांगते.

वरचा कप्पा शेवटच्या क्षणी जो एक धक्का देऊन रक्त खाली ढकलतो, तो निरोगी हृदयात भरण्याच्या २०-२५ टक्के असतो. ताठ हृदयात खालचा कप्पा आपणहून भरत नाही, म्हणून तो त्या धक्क्यावर जास्त अवलंबून असतो, अगदी ४० टक्क्यांपर्यंत. फिब्रिलेशनमध्ये तो धक्काच जातो. वर ठोके धावू लागले की भरायला वेळही उरत नाही. तुमचं बीपी उतरलं ते यामुळे. शेजारच्यांचा कप्पा लवचीक असणार. बायपासनंतर हा प्रकार तसा पुष्कळांना होतो, बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आणि जाड हृदयात त्याचा फटका जास्त बसतो.

ऑपरेशनच्या टेबलावर जाड भिंत म्हणजे काय, तेही लिहिते. हृदय थांबवण्यासाठी आम्ही पोटॅशियम असलेलं द्रावण त्याच्या धमन्यांत सोडतो, त्याला कार्डिओप्लेजिया म्हणतात. पातळ भिंतीत ते सगळीकडे झटकन पोचतं. जाड भिंतीत, त्यातही पुढे ब्लॉक असताना, आतल्या थरापर्यंत पोचेलच याचा भरवसा नसतो. म्हणून महाधमनीच्या मुळातून तर देतातच, शिवाय उलट्या बाजूने, हृदयाची अशुद्ध रक्ताची शीर असते तिच्यातूनही देतात. मधे-मधे पुन्हा देतात. आतला थर नीट जपला गेला नाही तर महाधमनीवरचा चिमटा (क्लॅम्प) काढल्यावर हृदय सुस्त उठतं.

त्यानंतरची पहिली रात्र सर्वांत नाजूक. या हृदयांना द्रव थोडा कमी पडला तरी बीपी धाडकन उतरतं, आणि थोडा जास्त झाला तरी फुप्फुसात पाणी येतं. दोन्हींमधली जागा अगदी चिंचोळी. एकदा एका रुग्णाचं बीपी सारखं उतरत होतं, आम्ही हृदयाला जोर देणारं औषध वाढवत गेलो आणि बीपी आणखीच खाली गेलं. इको लावून पाहिलं तर जाड पडदा आणि मायट्रल झडपेचं (डाव्या वरच्या-खालच्या कप्प्यांमधल्या झडपेचं) पान एकमेकांना चिकटून बाहेरची वाटच बंद करत होते. जोराचं औषध कमी केलं, द्रव दिला, रक्तवाहिन्या आवळणारं औषध दिलं, दहा मिनिटांत बीपी ११० वर. ज्या उपायाने एरवी जीव वाचतो तोच इथे उलटतो. तेव्हापासून जाड पडदा दिसला की त्या रात्री इकोचं मशीन मी पलंगाजवळच ठेवते.

पायवाट | १२ मार्च, ०७:३०

तीन वर्षं हा प्रश्न मनात होता. मनापासून आभार.

पाऊलखुणा | १२ मार्च, ०९:००

जाड भिंत असेल तर स्टेंटपेक्षा बायपास बरी, किंवा उलट, असं काही आहे का? आईचा निर्णय या आठवड्यात घ्यायचा आहे. मधुमेह आहे, तीन धमन्यांत ब्लॉक, भिंत १३.

स्पंदन | १२ मार्च, १३:३०

नुसत्या जाड भिंतीवरून निवड ठरत नाही. ती ठरते किती धमन्या, कुठल्या जागी, मधुमेह आहे का, ईएफ किती, मूत्रपिंड कसं, यांवर. मधुमेह असून अनेक धमन्यांत ब्लॉक असतील तर बायपासचं पारडं जड असतं. २०१२ च्या फ्रीडम अभ्यासात अशाच १,९०० रुग्णांत बायपासनंतर मृत्यू आणि हार्ट अटॅक कमी होते, पक्षाघात मात्र थोडे जास्त. तेव्हा शल्यविशारद आणि हृदयरोगतज्ज्ञ दोघांशी एकत्र बोला, आणि भिंतीचा आकडा भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा. मध्यरात्र यांनी लिहिलंय ते कारण.

भिंतीमुळे एका तपासणीचा अर्थ लावताना मात्र सांभाळावं लागतं. मधल्या प्रमाणातल्या ब्लॉकला स्टेंट लागतो का, हे ठरवायला तारेने दाब मोजतात, त्याला एफएफआर म्हणतात. ०.८० किंवा खाली आलं की ब्लॉक महत्त्वाचा. ही मोजणी प्रवाह पुरेपूर वाढवून करतात. जाड हृदयात बारीक वाहिन्या पुरेशा उघडत नसतील तर प्रवाहच कमी वाढतो, आणि ब्लॉक आहे त्यापेक्षा सौम्य वाटू शकतो.

तसंच ट्रेडमिलचं. जाड भिंतीत बऱ्याचदा ईसीजीच्या रेषेवर आधीपासूनच ताणाच्या खुणा असतात, एसटी हा भाग खाली, टी ही लाट उलटी; त्याला स्ट्रेन म्हणतात. अशा माणसाला पट्ट्यावर चालवलं की ईसीजी आणखी बदलतो आणि "पॉझिटिव्ह" येतं, ब्लॉक नसतानाही. स्टेंटनंतर वर्षाने नेहमीची तपासणी म्हणून ट्रेडमिल करून घाबरून आलेले कितीतरी लोक मी पाहिलेत. अशांना स्ट्रेस इको किंवा न्यूक्लिअर स्कॅन जास्त विश्वासाचा.

जिज्ञासू | १२ मार्च, १९:००

मग जाडी उतरवायची कशी? कोणत्या गोळ्या?

स्पंदन | १२ मार्च, २२:१५

सर्वांत मोठा वाटा बीपी खाली आणून ते दिवसरात्र खाली ठेवण्याचा. गोळ्यांत थोडा फरक आहे. २००३ साली ८० अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा वस्तुमान सार्टन गटाने (लोसार्टन त्यातलंच) १३ टक्के, कॅल्शियम रोखणाऱ्यांनी ११, एसीई इन्हिबिटरनी १०, लघवीच्या गोळ्यांनी ८ आणि बीटा ब्लॉकरनी (अटेनोलॉल त्यातलंच) ६ टक्के उतरलं. हे वाचून कुणीही आपला बीटा ब्लॉकर बंद करू नये! अटॅकनंतर, अनियमित ठोक्यांत, अंजायनात (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखतं त्यात) तो वेगळ्या कारणासाठी असतो, आणि एकदम सोडला तर घात करतो. स्टेंटनंतरच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांना तर मनाने हात लावूच नये.

मधुमेहाच्या नव्या गोळ्यांपैकी एम्पाग्लिफ्लोझिनचा २०१९ चा एक छोटा अभ्यास आपल्या विषयाला अगदी लागू आहे. मधुमेह आणि करोनरीचा, म्हणजे हृदयाच्या धमन्यांचा, आजार दोन्ही असलेले ९७ जण. सहा महिन्यांत एमआरआयवर वस्तुमान दर चौरस मीटरला सरासरी २.६ ग्रॅम उतरलं, औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी घेणाऱ्यांत जवळपास काहीच नाही. आकडा लहान आहे, पण सहा महिन्यांतला आहे आणि नीट मोजलेला आहे.

बीपी किती खाली? बहुतेकांना १३० बाय ८० च्या आत. पण करोनरीच्या रुग्णात खालचा आकडा फार खाली, ६० च्या आत गेला तर काळजी घ्यावी लागते, कारण स्नायूला रक्त त्या खालच्या दाबावरच मिळतं. इन्व्हेस्ट अभ्यासात २२ हजारांवर रुग्ण होते. त्यात खालचा आकडा फार उतरलेल्यांना त्रास जास्त दिसला, मात्र ज्यांच्या धमन्या आधी मोकळ्या केल्या होत्या त्यांना तो कमी बाधला. मला यात आशेची गोष्ट दिसते: स्टेंटने बीपी नीट उतरवायला जागा करून दिली आहे, ती वापरायची.

आणि अबोलीताई, एक विचारतो. बाबा घोरतात का?

अबोली | १३ मार्च, ०६:५०

प्रचंड! आई म्हणते मधेच श्वास थांबतो, मग दचकून पुन्हा सुरू होतो. हे आम्ही कधी डॉक्टरांना सांगितलंच नाही.

स्पंदन | १३ मार्च, ०८:१०

आज सांगा. झोपेची तपासणी आणि २४ तासांचं बीपी, दोन्ही मागा. रात्री बीपी १०-२० टक्के उतरायला हवं. श्वास अडकत असेल तर ते उतरत नाही आणि भिंतीला रात्रीसुद्धा विसावा मिळत नाही. दिवसा दवाखान्यात १३० दिसतं आणि सगळे समाधानी राहतात.

हिरवाई | १३ मार्च, ११:२०

माझ्या भावाची भिंत १८ मिमी, फक्त पडद्याचीच, आणि बीपी कधीच नव्हतं. हेच का ते?

स्पंदन | १३ मार्च, १३:००

हे वेगळं असू शकतं. बीपीसारखं कारण नसताना १५ मिमी किंवा जास्त, तेही एकाच बाजूला, म्हणजे हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथीचा विचार करावा लागतो. ती जनुकीय असते, साधारण ५०० जणांत एकाला. भावाला तज्ज्ञांकडे न्या, आणि ती निघाली तर तुमचा, इतर भावंडांचा आणि मुलांचाही इको करा. भावाला कधी श्रमात चक्कर आली किंवा शुद्ध हरपली असेल तर आजच जा.

भिंत जाड पण ईसीजीतले उंचवटे मात्र लहान, असं दिसलं तर अमायलॉइडचा संशय येतो. तिथे भिंत स्नायूने नाही, साचलेल्या प्रथिनाने जाड झालेली असते आणि उपचार पूर्ण निराळे.

अबोली | १९ ऑक्टोबर, २१:१५

धागा वर काढते आहे. सात महिने झाले, लिहायचं राहून गेलं होतं.

२४ तासांच्या बीपीत रात्रीची सरासरी दिवसापेक्षा जास्त निघाली, १४८. झोपेच्या तपासणीत श्वास अडकण्याचं प्रमाण तीव्र गटातलं. सीपॅप मशीन आलं, झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं. पहिले पंधरा दिवस बाबांनी मास्क रोज मध्यरात्री काढून फेकला. मग आकार बदलून दुसरा घेतला, तो जमला. गोळ्या डॉक्टरांनी बदलल्या. साखर मधुमेहात गेलीच होती, तिचीही नवी गोळी सुरू झाली. मीठ आई मोजून घालते. बाबा रोज सकाळी पाच मिनिटं शांत बसून, पाय जमिनीला टेकवून, दोनदा बीपी घेतात आणि वहीत उभे-आडवे रकाने आखून लिहितात. गणित शिक्षकच ते.

परवा इको झाला. तेच मशीन, त्याच मॅडम. भिंती १३ आणि १२. तरंग, तुमचे शब्द आठवून मी आनंद आवरला. पण ई बाय ई-प्राइम १६ वरून ११ आलाय, आणि मॅडमनी स्वतःहून वस्तुमानाचा आकडा लिहून दिला.

आज संध्याकाळी मी बाबांच्या मागे जिना चढत होते. वळणावर थांबले नाहीत. वर पोचल्यावर दार उघडायला किल्ली शोधत होते तेव्हा श्वास जरा जोरात होता, तेवढाच.

तरंग | १९ ऑक्टोबर, २२:००

अबोली, १६ वरून ११ हा फरक कर्सरच्या चुकीचा वाटत नाही. पुढचा इको वर्षाने करा, आणि हे दोन्ही रिपोर्ट सोबत न्यायला विसरू नका.